धुराचा बर्फ

मे महिन्यात सोलापुरात कुणी बर्फ शोधत हिंडत असेल तर लोक त्याला सावलीत बसवतात, पाणी देतात, डोक्याला रुमाल बांध म्हणतात. मला हे सगळं मिळालं. फक्त बर्फ मिळाला नाही. कारण मला हवा होता तो उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा, न वितळता थेट हवेत उडून जाणारा कोरडा बर्फ, आणि तोही थर्मोकोलचं खोकं भरून. शेजारच्या शरणम्मा मावशींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वितळतच न्हाई म्हणतोस, मग सरबतात घालून उपेग काय त्याचा?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आरएनएपासून सुरू होत होतं, आणि आमच्या गल्लीत आरएनए हा शब्द उच्चारला की माणसांना दूध आणायचं आठवतं.

तुम्ही बसलाच आहात तर सांगतो. आमच्या घरामागे चादरीचा कारखाना आहे. चादरीवर मोर विणायचा असेल तर मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. नक्षीचा मूळ कागद मालकाच्या कपाटात कुलपात असतो, मागाला तो जन्मात दिसत नाही. मागाला जे काही कळतं ते त्या पट्ट्यांवरून. एक पट्टी चुकीच्या जागी जोडली गेली की मोराची मान पिसाऱ्यातून निघते. आपल्या पेशीतही हेच. कुलपातला कागद म्हणजे डीएनए, पट्ट्या म्हणजे आरएनए. काही घरांत थॅलेसेमियाची मुलं असतात, त्यांना सारखं रक्त चढवावं लागतं. त्यातल्या बऱ्याच जणांची ही पट्टी नको तिथे कापली जाते, नको तिथे जोडली जाते, आणि रक्ताचा मोर बिघडतो. ती कशी बिघडते हे मी पीएचडीत बघितलं. ती सुधारता येते का, हे मला पोस्टडॉकमध्ये बघायचं होतं. आयुष्यात दुसरं काही फारसं हवं होतं असं नाही. होतं, पण त्याचं पुढे सांगतो.

"डॉक्टर झालास की बे," अप्पा म्हणाले. "आता परत काय शिकायचं राहिलं?"

मी म्हणालो, "अप्पा, पोस्टडॉक म्हणजे डॉक्टर झाल्यानंतर आणि प्रोफेसर होण्याआधी माणूस जिथे थांबतो ती जागा."

"म्हणजे एसटी स्टँड की."

ह्या विषयावर मी परदेशी विद्वानांचे लेख वाचलेत. इतकी नेमकी व्याख्या कुणालाही जमलेली नाही.

त्या स्टँडवर मी बराच काळ उभा होतो. स्वीडनचं उप्साला, जर्मनीचं हायडेलबर्ग, कुठे कुठे अर्ज केले. प्रत्येक नकाराचं पहिलं वाक्य असायचं की यंदा आलेल्या अर्जांचा दर्जा फारच उंच होता. त्या उंच अर्जांत माझाही एक होता, असं धरून मी समाधान मानायचो. अर्ज करताना त्या गावांचं हवामान बघायची मला सवय लागली होती. अजूनही सकाळी फोन उघडला की वर सोलापूर चव्वेचाळीस, खाली उप्साला नऊ. ते नऊ मी काढून टाकलेलं नाही. आई विचारते, "कोण आहे रे तिथं तुझं?" मी सांगतो, "कुणी नाही, ढगाळ आहे."

शेवटी हैदराबादच्या एका संस्थेतल्या बाईंनी मला निवडलं. मला म्हणजे माझ्या नमुन्यांना. व्हिडिओवर त्या स्पष्टच बोलल्या, की थॅलेसेमियाच्या घरांतून काढलेला असा आरएनए त्यांच्याकडे नाही, तो शाबूत पोचला तर जागा माझी, खराब होऊन पोचला तर जागा कुणाचीच नाही, कारण प्रकल्पच उरणार नाही. हुंडा आधी आणि मुलगी नंतर, अशी ती बोलणी होती, आणि मुलगी मी होतो.

आता अडचण अशी, की डीएनए हा दणकट गडी आहे, जुन्यापुराण्या हाडांतही सापडतो. आरएनए तसा नाही. आपल्या हातावर, घामात, थुंकीत आरएनेझ नावाची एक चीज असते, तिचा धंदाच आरएनए दिसला की कातरण्याचा. उघडं बोट लागलं, संपला. गरम झाला, संपला. हे घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "मडी पाळायची म्हण की." मडी म्हणजे सोवळं, आणि आमच्याकडे सोवळंओवळं नाही हे अप्पा चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगतात. त्यांचा मुलगा शिकून सवरून हातमोजे घालून आरएनएच्या नळ्यांना शिवू नका म्हणतो, हे त्यांनी फार जड मनाने स्वीकारलं.

नमुने ज्या कॉलेजच्या डीप फ्रीझरमध्ये होते त्या फ्रीझरने एप्रिलपासून कण्हायला सुरुवात केली होती. कॉलेजने कळवलं, शनिवारपर्यंत सामान हलवा, फ्रीझर दुरुस्तीला जाणार. मी एक नळी बर्फात खोचून गेटपास मागायला गेलो.

"वस्तूचा रंग?" हेडक्लार्क साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"वजन?"

"सांगण्यासारखं नाही."

त्यांनी माझे हातमोजे चढवले, एक नळी उजेडात धरली आणि निकाल दिला, "रिकामी आहे."

"तळाशी थेंब गोठलाय, साहेब."

"दिसत नाही. हे बघा, रिकाम्या नळ्या म्हणजे डेडस्टॉक. डेडस्टॉक बाहेर न्यायला समिती बसवावी लागते. समितीचे अध्यक्ष गावाला गेलेत. भरलेल्या असतील तर त्या वापरून संपणाऱ्या वस्तू, खुशाल न्या. पण भरलेल्या आहेत हे सिद्ध करा."

"कसं?"

"वितळवून दाखवा."

मी परत वर गेलो, एका नळीत साधं पाणी गोठवलं आणि ती त्यांच्या टेबलावर ठेवली. आम्ही दोघांनी पंख्याखाली बसून तिच्याकडे बघितलं. थेंब झाल्यावर साहेब समाधानाने मागे रेलले. "बघा, होतं की पाणी. उगाच आरएनए-बिरएनए सांगत होतात." सरकारदप्तरी माझं पीएचडीचं काम त्या दिवशी पाणी म्हणून बाहेर पडलं.

राहिला बर्फ. कुरिअरवाल्याने कोरडा बर्फ लागतो म्हटल्यावर फोनच उचलणं सोडलं. गल्लीत मात्र सल्ल्याला तुटवडा नव्हता. कुणी मीठ घालून कुल्फीच्या भांड्यात न्या म्हणालं. कुणी म्हणालं, एसी डब्यात बसला की झालं, त्यात माणसं गोठतात तिथे थेंबाचं काय. शरणम्मा मावशी तीन दिवसांनी जिन्यातूनच ओरडल्या, "मल्लू, अक्कलकोटला माझ्या भाचीच्या लग्नात नवरानवरी धुरातनं आली बघ. पायच दिसत नव्हते. ढगावरनं चालल्यागत. त्यो धूर कशाचा रे?"

तो धूर कोरड्या बर्फाचा. नवरानवरीची एंट्री. सबंध सोलापुरात विज्ञानाला न मिळणारी वस्तू मंगल कार्यालयात खुशाल पायाखाली सोडत होते.

बार्शी रस्त्याला डेकोरेटर अजिनाथ मंडपाच्या खांबांवर बसून चहा पीत होता.

"धुराचा बर्फ व्हय? हाय की. पुन्यावरनं मागवतो. ह्या शनवारी एकच लगीन हाय धुराचं. अर्धा एंट्रीला लागंल, अर्धा तुमी न्या, दादा. हितंच ऱ्हाऊन जातो न्हाईतर, उडून जातो बिचारा."

"कुणाचं लग्न?"

"वेणीमाधव सरांच्या पोरीचं. सईताई."

"बरं," मी म्हणालो.

पत्रिका मला आली होती. मी ती फ्रिजवर पालथी ठेवली होती.

सई आणि मी एकाच प्रयोगशाळेत होतो. ते नमुने आम्ही दोघांनी मिळून काढले. मी नळ्या हलवायचो, ती नावं घालायची. माझं अक्षर बघून तिने पहिल्याच आठवड्यात माझ्याकडचं पेन काढून घेतलं होतं. प्रत्येक नळीच्या टोपणावर तिचं ते बारीक, सरळ, कुणाला न घाबरणारं अक्षर. नळ्या गरगरवणारं सेंट्रिफ्यूज फिरत असताना काही करायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. त्या वेळात आम्ही जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो. एक विषय राहिला. प्रत्येक किटसोबत कृतीचा कागद येतो, काय कशात घालायचं, किती थांबायचं. ह्या बाबतीत तसा कागद कुठल्याच खोक्यात निघाला नाही. पीएचडी झाल्यावर तिला बार्शीच्या कॉलेजात नोकरी लागली, तिथे फळा होता, फ्रीझर नव्हता. मग बार्शीच्याच सुबोधचं स्थळ आलं. बँकेत अधिकारी. ह्या गृहस्थात खोट काढायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. माणूस वाचतो, पोहतो, आईला भाजी निवडून देतो. माझ्या बाजूने बोलावं असं त्याने काही ठेवलंच नाही.

शनिवारी सकाळी मी कॉलेजातून नमुने काढले, बर्फाच्या पिशव्यांत दाबले आणि थर्मोकोलचं खोकं छातीशी धरून मंगल कार्यालयात शिरलो. दारातच प्रभाकाकू, सईच्या आई, अक्षतांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मुठीत अक्षता दिल्या आणि खोक्याकडे बघून कळवळल्या, "अरे, आहेर आणू नये असं छापलं होतं ना पत्रिकेवर!"

"काकू, हा आहेर नाही."

"मग काय आहे?"

सई माझी मैत्रीण, तिच्या आईशी खोटं का बोला. मी म्हणालो, "लोकांच्या रक्तातून काढलंय."

काकूंनी ताट थोडं स्वतःकडे ओढून घेतलं.

मागच्या बोळात, नवरीच्या खोलीशेजारी, अजिनाथचं धुराचं यंत्र होतं. पिंपासारखं, आत गरम पाणी. त्याने मोजून अर्धा बर्फ यंत्रावर टांगलेल्या टोपलीत ठेवला आणि अर्धा कुटून माझ्या नळ्यांभोवती रचला. नळ्यांची एक चळत खाली, एक वर. सगळं अगदी पाठ्यपुस्तकात असावं तसं. दुपारची हैदराबादची गाडी होती. मी घड्याळ बघितलं, भरपूर वेळ होता, आणि तेवढ्यात वेणीमाधव सरांनी दंड धरला. "काही न खाता? शक्य नाही. हिच्याबरोबर रोज रात्री उशिरापर्यंत राबलास तू, चल." पोरीच्या बापाच्या तोंडून हे ऐकल्यावर उपमा नीट गिळता येत नाही. पण खाल्ला.

परत आलो तर बोळ नव्हता. बोळाच्या जागी ढग होता. ढगात किटली घेऊन अजिनाथ उभा होता, चेहऱ्यावर कामाचं समाधान.

"दादा, तुमचा बर्फ झोपला होता बगा. धूरच येत नव्हता. म्हनलं शिकलेली मानसं, इसरलं असतील, म्हनून उकळतं पानी घातलं. आता बगा कसा उठलाय!"

त्याचं खरं होतं. इतका सुंदर धूर मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात माझी सगळी पीएचडी होती. मी खोक्यात डोकावलो. वरच्या चळतीतल्या नळ्या कोमट पाण्यात आनंदाने तरंगत होत्या.

धूर दाराखालून सभागृहात गेला. सनईवाल्याला वाटलं, एंट्री झाली. त्याने सुरुवात केली. तिकडून सुबोधला कुणीतरी ढकललं. तो एकटाच धुरात चालत स्टेजवर गेला आणि हार घेऊन उभा राहिला. दीडेकशे पाहुणे दुसऱ्या दाराकडे बघत राहिले. त्यातून कुणी येईना.

नवरीच्या खोलीचं दार उघडलं. सई बाहेर आली, मुंडावळ्या बांधलेली, कोपरापर्यंत मेंदी. तिने धुराकडे बघितलं नाही, खोक्याकडे बघितलं.

"मल्लिनाथ, हे आपले नमुने आहेत?"

"होते."

"हातमोजे दे."

हिरव्या चुड्यावरून हातमोजे चढत नाहीत, ही माहिती कुठल्याही संशोधनपत्रिकेत आलेली नाही. ते मनगटावर फुगून बसले. तशीच ती खाली बसली, पैठणीचा पदर कमरेला खोचला आणि एकेक नळी वर काढून उजेडात धरायला लागली.

"वरच्या गेल्या. सगळ्या." ती म्हणाली. मग खाली हात घातला, आणि थांबली. "खालच्या बर्फात चिकटल्यात अजून. पांढऱ्या आहेत. ह्या वाचल्या."

मी नाक ओढलं.

"रडायचं असेल तर लांब उभा राहून रड," ती वर न बघता म्हणाली. "डोळ्यांतल्या पाण्यात आरएनेझ असतं."

मी दोन पावलं मागे जाऊन उभा राहिलो आणि तिथूनच तिला हैदराबादच्या बाईंचं, दुपारच्या गाडीचं सांगितलं. अजिनाथ माझ्यासोबत मागे आला. त्याला आता अंदाज आला होता. "दादा, माज्या हातनं लई मोटी चूक झाली व्हय?"

"तुमच्याकडे अजून बर्फ आहे?" सईने विचारलं.

"मशिनीत हाय की. एंट्रीचा. पर तो..."

"तो काढा. सगळा."

"ताई, लगीन एकदाच असतंय. धूर नसला तर व्हिडिओत दिसंल काय?"

"मी दिसेन."

एवढ्यात सुबोध आला. स्टेजवर एकट्याने किती उभं राहणार. काय झालंय ते सईने त्याला दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्याला दोन वाक्यांत कळलं. "अहो घ्या ना," तो मला म्हणाला. "मला आत्ताच ठसका लागला त्या धुराने." मग शेरवानी सावरून खाली बसला आणि अजिनाथ बर्फ ओतत असताना खोकं स्वतःच्या मांडीवर घट्ट धरून राहिला. शेरवानी भिजली. ह्या माणसाचा निदान अर्धा तास राग यावा, एवढीही सोय त्याने मला ठेवली नाही.

वाचलेल्यांतल्या एका नळीवरचं अक्षर पाण्याने पुसलं गेलं होतं. माझ्या खिशाला पेन होतं. मी ते काढलं, तिने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी ते तिच्या हातात दिलं. फुगलेल्या हातमोज्यातून तिने टोपणावर आकडा लिहिला, फुंकर मारायला तोंड जवळ नेलं आणि स्वतःलाच रागावून मागे घेतलं. हवेवर वाळू दिलं.

"ह्यातला आरएनए पुन्हा एकदा गाळलाय, बाईंना सांग, नाहीतर त्या परत गाळतील. खोक्याच्या झाकणाला भोक राहू दे, वाफ कोंडली तर गाडीत फुटेल." ती उठली. मेंदीवर हातमोज्यांची पांढरी पूड लागली होती. "आणि ती पट्टी दुरुस्त झाली की मला कळव. मला बघायचंय."

"लग्नाला थांबतो," मी म्हणालो. "अक्षता टाकून..."

"गाडी चुकेल, मल्लिनाथ." ती म्हणाली. मग म्हणाली, "आपल्यातलं एकजण तरी जाऊ दे तिकडे."

बाहेर जायला सभागृहातूनच वाट होती. मी एका बाजूने खोकं घेऊन पळालो, दुसऱ्या बाजूने ती आत आली, मागे सनई. मी वळून पाहिलं नाही. खोकं ओलं होतं, भोकातून वाफ येत होती, समोरचं दिसत नव्हतं हे खरं कारण. बरोबर मंगलाष्टकांच्या वेळेला आमची गाडी होटगी सोडत होती. खिशात हात घातला तर सकाळच्या अक्षता तशाच, घामाने बोटांना चिकटल्या. समोरच्या बाकावरचे आजोबा विचारत होते, खोक्यात काय, मासे का? मी म्हणालो, चादरीच्या पट्ट्या. ते म्हणाले, मग धूर कशाचा? मी म्हणालो, लग्नाचा.

बाईंनी खालची चळत तपासली. आरएनए शाबूत होता. जागा मला मिळाली. आता मी हैदराबादला असतो, पट्टी कुठे कापली जाते ते बघतो, आणि ती कापली जाऊ नये म्हणून तिथे एक बारीकसं ठिगळ लावून बघतो. कधी लागतं, कधी नाही. एक गोष्ट मात्र मी आधी लक्षात घेतली नव्हती. प्रत्येक प्रयोगाला नळीतला थोडा आरएनए लागतो. हेडक्लार्क साहेबांनी बरोबर ओळखलं होतं, वापरून संपणारी वस्तू. एकेक नळी संपते, तिच्या जागी नवी येते, नवीवर माझं अक्षर असतं. जुन्या आता फार उरल्या नाहीत. त्या दिवशी पुसून पुन्हा लिहिलेली आहे, ती मी मागे सरकवून ठेवली आहे. परवा बाईंनी विचारलं, ही का नाही वापरत? मी म्हणालो, राखीव आहे. बाई तिच्या टोपणाकडे बघत राहिल्या, मग दुसऱ्यांच्या टोपणांकडे, मग म्हणाल्या, "राहू दे. शेवटी वापरू."

मागच्या आठवड्यात अजिनाथने लग्नाच्या व्हिडिओचा तुकडा पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, त्या दिवशीची माफी. पर धूर लई भारी आलाय."

एंट्रीला धूर नाहीच. सई स्वच्छ दिसते, पायांतली जोडवीसुद्धा दिसतात. धूर आहे तो पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथून जाकीट घातलेला एक माणूस खोकं घेऊन दाराकडे पळतोय आणि त्याच्यामागे पांढरी लांबलचक वाफ, ढगावरून चालल्यासारखा. सगळं सभागृह नवरीकडे बघतंय. नवरी धुराकडे बघते आहे, तो दाराबाहेर जाऊन विरेपर्यंत.